हॉलमधली नऊ फूट भिंत

मी, शिवमूर्ती रेवणसिद्ध मेनकुदळे, वय वर्षे ७४, धंदा गवंडीकाम (आता बंद), राहणार लातूर, हा लेख स्वतःच्या हाताने, कोणाच्या दाबाखाली न येता लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शिवाय भिंत अर्धा सूत जरी ओळंब्याबाहेर असली तरी मला चालत्या रिक्षातून दिसते आणि मग मी रिक्षावाल्याचं डोकं खातो, हे साक्षीदार सांगतील. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. वकिलांनी छापील नमुना दिला होता, पण त्यात माझं म्हणणं मावेना.

कलम १. माझी पत्नी केवळाबाई २०१७ साली गेली. मुलगा उमाशंकर खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. मुलगी आरती नांदेडला दिली आहे. उमाशंकरची मुलगी ऋतुजा आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिघंही गुणी आहेत. पुढं मी चिडलेला दिसेन, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

कलम २. बँकेतली ठेव आणि पोस्टातलं खातं आरतीला द्यावं. यावर उमाशंकरची हरकत नाही, मी विचारलं आहे.

कलम ३. सध्या राहतो ते जुनं घर दोघांना निम्मं निम्मं. हे घर मी १९९९ साली स्वतः बांधलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर लोक भिंतीला भिऊन अंथरुणं अंगणात टाकायचे, तेव्हा विटेच्या भिंती बांधून मी पाच-सहा गावं परत घरात झोपवली. असा मी मिस्त्री. आणि स्वतःच्या घरात काय केलं, तर हौसेनं प्रत्येक भिंतीत कडप्प्याची कपाटं काढली. इंचभर जागा वाया नाही म्हणून येईल त्याला दाखवत फिरायचो. केवळाबाई म्हणाली होती, पुढच्या खोलीत एक भिंत मोकळी राहू द्या. मी म्हटलं, कशाला, टेकायला पलंग आहे की.

कशाला, ते ती गेली त्या दिवशी कळलं. आम्हा लिंगायतांत माणूस गेला की निजवून ठेवत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून भिंतीशी बसवतात. भिंतीतल्या खुंटीला उपरणं बांधून मान सावरतात. लोक समोर बसून भजन म्हणतात. माझ्या घरात तिला बसवायला तीन फूट मोकळी भिंत निघाली नाही. शेवटी समोरच्या गुरुलिंगानं आपली बैठक रिकामी करून दिली. पाहुणे माझ्या दारात येऊन विचारत होते, केवळाबाई कुठंय? आणि मी समोरच्या घराकडं बोट दाखवत होतो. अठ्ठेचाळीस वर्षं भिंती बांधणाऱ्याची बायको दुसऱ्याच्या भिंतीला बसून गेली. यात दोष कोणाचा नाही, माझा आहे.

कलम ४. औसा रोडचा प्लॉट, माझ्या नावचा. त्यावर उमाशंकर घर बांधतो आहे. स्लॅब टाकून झाला आहे, येत्या सोमवारपासून वीटकाम. नकाशा पुण्याच्या आर्किटेक्ट साहेबांचा. पोरगा हुशार आहे, नमस्कारही वाकून करतो. पण त्याच्या नकाशात हॉल, स्वयंपाक, जेवण सगळं एकच. मिरचीची फोडणी दिली की पाहुणा सोफ्यावर शिंकणार. पश्चिमेला खालपासून वरपर्यंत काच. मी म्हटलं, साहेब, लातूरचा मे महिना बघितला का? तो म्हणाला, आजोबा, एसी आहे ना. दारात टेकायला ओटा नाही, कारण त्यानं समोरून घराची लाइन बिघडते म्हणे. हे सगळं मी गिळलं. घर त्यांचं, राहणार ते.

पण हॉलमध्ये भिंतच नाही. एका बाजूला काच, एका बाजूला टीव्हीचं युनिट, एका बाजूला अधांतरी जिना, आणि चौथी बाजू मोकळी. माझी कपाटं परवडली, त्यांच्यामागं निदान भिंत होती. मी उमाशंकरला बाजूला घेऊन म्हटलं, पूर्वेला एक भिंत घे, मोकळी, खुंटीसकट. तो मोबाइलमध्ये बघत म्हणाला,

"आबा, आता घरी कोण बसवतंय? दवाखान्यातून सरळ नेतात."

त्याची आई त्या दिवशी कुठं बसली होती, हे त्यालाही ठाऊक आहे.

कलम ५. (खोडलेलं आहे. मीच खोडलं, बाजूला सही आहे.)

इथं मी लिहिलं होतं की, हॉलमध्ये मोकळी भिंत न घेतल्यास प्लॉट आरतीला जाईल. आरतीला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "आबा, मला मधी घालू नका. मला प्लॉट नको, माहेर पाहिजे." तरी मी खोडलं नाही. राग होता.

मग परवा ऋतुजा सुट्टीला आली आणि तिनं हा कागद वाचला. मला साइटवर नेलं, एका कॉलमशी बसवलं. "आबा, मांडी घाला. पाठ सरळ." आणि टेप काढून मापं घ्यायला लागली. एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत दोन फूट सात इंच. बसल्या जागी डोक्यापर्यंत दोन फूट नऊ. मी म्हटलं, अगं, जिवंतपणी माप घ्यायलीस का? तर म्हणते, "मग कधी घेऊ? तुम्हाला तीन फूट, दोन्ही बाजूंना बसणाऱ्यांना तीन तीन. नऊ फूट भिंत लागते." लोकांची शेकडो घरं मी मापली, पण घर बांधताना माझं माप कोणी घेतलं नव्हतं. तिनं नकाशावर टीव्हीचं युनिट जिन्याखाली सरकवलं, पूर्वेला नऊ फुटाची रेघ मारली आणि कागद बापाच्या टेबलावर ठेवून दिला.

त्या संध्याकाळी मी कलम खोडलं. कागदाच्या भीतीनं बांधलेल्या भिंतीला मला टेकायचं नाही. प्लॉट आणि त्यावरचं घर उमाशंकरला, बिनशर्त. भिंत झाली तर मला तिथं बसवा. नाही झाली तर दवाखान्यातून सरळ न्या, पण गुरुलिंगाच्या घरी नेऊ नका. तो नाही म्हणणार नाही, म्हणूनच लिहितो.

कलम ६. ओळंबा, काटकोन बघायचा गुण्या, थापी, लेव्हलची पाण्याची नळी ऋतुजाला. कॉम्प्युटरवर घर सरळच दिसतं, ओळंबा साइटवर लागतो. व्यंकटी तीस वर्षं माझ्या हाताखाली होता आणि आता या घराचा मिस्त्री तोच आहे. त्याला यात काही ठेवलेलं नाही, कारण तो साक्षीदार आहे. परांचीचं सामान मी त्याला मागंच देऊन टाकलं आहे.

कलम ७. सही करायच्या आधी घडलं म्हणून लिहितो. आज सकाळी मी, गुरुलिंग आणि व्यंकटी असे तिघं म्हातारे साइटवर आलो तर पूर्वेच्या बाजूला ब्लॉक उतरलेले. साहेबांच्या नकाशात तिथं टीव्हीचं युनिट होतं, भिंत नव्हती. व्यंकटीनं मोजले, नऊ फुटाला पुरतील एवढे. कोणी मागवले ते कोणी सांगेना. ते पण कसले, तर हलके पांढरे ब्लॉक, हातानं खरवडले तरी भुगा पडतो. मी तिथंच बोललो, अशा भिंतीत कॅलेंडर टांगा, माणूस नका टांगू. तेवढ्यात उमाशंकर आला. हा कागद उभ्यानं वाचला, खोडलेल्या कलमासह. माझ्याकडं बघितलं नाही. व्यंकटीला विचारलं, "काका, या ब्लॉकात खुंटी धरंल का?"

"न्हाई मालक. तेवढ्या जागी पक्की वीट घालावी लागती."

"मग घाला. उंची आबाला विचारा."

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि माझ्यानंतर तो असाच पाळावा.

ठिकाण: लातूर, औसा रोडचा प्लॉट, हॉल, पूर्वेची बाजू, ब्लॉकांच्या ढिगाला टेकून
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५

सही: शिवमूर्ती रेवणसिद्ध मेनकुदळे

साक्षीदार १: गुरुलिंग, शेजारी. यांनी माझ्यासमोर सही केली. माझ्या घरची भिंत यांना कधीही मोकळी होती, पण आता लागणार नाही.

साक्षीदार २: व्यंकटी, मिस्त्री. खुंटीची उंची विचारून घेतली. तीन फूट.