न विरघळणारे थेंब

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

डाव्या हातात सुया आहेत, उजवा मोकळा. म्हणून डायलिसिसच्या खुर्चीतूनच लिहिते. सोळा वर्षं बस हाकली, पण एका जागी चार तास म्हणजे जीव नकोसा होतो. शेजारच्या खुर्चीतल्या मास्तरांना विचारते, गाडी कधी सुटणार? ते म्हणतात, ड्रायव्हरच बांधून ठेवलाय.

किडनी देतो म्हणालास त्याला सहा महिने झाले. तुझ्या तपासण्या संपेनात. आधी सर्दी, मग रजा नाही. भीती वाटत असेल तर सरळ सांग, पण ताटकळत ठेवू नकोस.

लोभ आहेच, उत्तर तेवढं दे.

ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सर्दी खोटी होती. रजेचं कारणही.

आमच्या प्रयोगशाळेत काय चालतं, तू नेहमी विचारतेस. पेशीच्या आत प्रथिनांचे बारीक थेंब जमतात, पाण्यात तेलाचे जमावेत तसे. काम झालं की विरघळतात. काहींच्या किडनीत ते विरघळतच नाहीत, घट्ट होतात आणि पेशी हळूहळू मरते. किडनी जाऊन बाबा गेले, त्यांचं तेच झालं असावं, तुझंही.

जानेवारीत मी माझ्याच लघवीतल्या पेशी वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. दोन तास बघत बसलो. एकही थेंब विरघळला नाही. मग जनुकाची तपासणी केली. थेंब घट्ट करणारा दोष माझ्यातही आहे. अजून त्रास नाही, पण माझी किडनी तुला चालणार नाही.

शब्द देऊन बसलो होतो, सांगायला तोंड नव्हतं. दिवसभर तेच थेंब बघतो, घरी येतो, कोणाशी बोलत नाही.

चुकलो. माया कमी करू नकोस.

धाकटा

ता. १८ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि आधी मनात आलं, माझी सुटका गेली. तुझा विचार दुसरा आला. त्याची लाज वाटते, म्हणून लिहून टाकते.

खुर्चीत बसल्यावर मास्तरांनी काय झालं विचारलं, तेव्हा रडले. हात हलला आणि मशीन बोंबलायला लागलं.

किडनीच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं आहे. चार-पाच वर्षं लागतील म्हणे. बसेन. बाबांना वेळेत कळलं नाही, मलाही नाही. तुला कळलंय. आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गुरुवारी दहाची तुझी वेळ घेतली आहे. रक्तदाब, औषधं त्या बघतील. मी तेव्हा तिसऱ्या मजल्यावर डायलिसिसला असेन. तपासून झालं की वर ये.

माझ्यापासून लपवायला आता तुझ्याकडे काही उरलेलं नाही. नुसता ये.

तुझी,
ताई