संस्कृती शाळेत आणण्याचा उपक्रम

७ जुलै, सोमवार
आजपासून रोजनिशी. केंद्रप्रमुखाला शिस्त हवीच. डोणगावजवळची इस्लामी प्राथमिक शाळा माझ्याकडे आली. पट तेवीस. संस्थेचे अध्यक्ष रऊफसेठ म्हणाले, वीसच्या खाली गेला तर शाळा बंद. म्हटलं, मी आहे ना! उपक्रम ठरला: ‘स्थानिक संस्कृतीतून गुणवत्ता’. जिल्ह्यात पहिला नंबर आपलाच.

१० जुलै
पाहणी. मधल्या सुट्टीत सगळी पोरं खिचडी शिजवणाऱ्या अंबूबाईभोवती. ती वऱ्हाडीत कोल्ह्याच्या गोष्टी सांगते. एकमेव शिक्षिका नुसरत मॅडम म्हणाल्या, सर, पोरं मराठी हिच्याचपासून शिकून राह्यली. हसू आलं. असं चुलीपाशी कुठे शिक्षण होतं? अंबूबाईला लेखी समज दिली: भाषा अशुद्ध, मुलांत बसू नये. तिला वाचता येईना. तिसरीतल्या मरियमने खणखणीत मराठीत वाचून दाखवली. उपक्रमाचं पहिलं यश!

२१ जुलै
पुण्याहून तक्ते मागवले. ‘आपली लोककला’मध्ये कोळीनृत्य आलंय. आपल्याकडे समुद्र नाही, पण दृष्टी विशाल हवी.

४ ऑगस्ट
अंबूबाईने काम सोडलं. वर्ग शांत. शिस्त सुधारली असं मी म्हणतो, पोरं बोलतच नाहीत असं मॅडम म्हणतात. स्वभावच नकारात्मक. पट एकवीस.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
सांस्कृतिक मेळावा, दुपारी दीड. पोळ्याची सुट्टी खास रद्द केली. पालक एकही नाही, पोरंही गायब. दीडला जुम्म्याची नमाज असते हे मला कोणी सांगितलं नाही. (मॅडम म्हणतात, दोनदा सांगितलं.) पोरं शोधत निघालो. सगळी गावातल्या शेतकरी पुंजाजीच्या बैलांची शिंगं रंगवत होती. म्हटलं, चला, शाळेत संस्कृती आहे. पुंजाजी म्हणाला, सायेब, बैल सोडून काऊन येतीन ते? मेळावा बघायला आलेली तपासणी समिती रिकाम्या खुर्च्यांचे फोटो घेऊन गेली. तरी खुर्च्या रांगेत होत्या.

१५ सप्टेंबर
पट सतरा. रऊफसेठ चिडलेसुद्धा नाहीत. म्हणाले, जाऊ द्या सर, दिवाळीपासून बंद. बाकीची पोरं मेहकरला जातील. मरियमचे अब्बा म्हणाले, एवढ्या दूर पोरीले एकटी नाही धाडत, बसंन घरी.

संध्याकाळी अहवाल लिहायला घेतला. ‘उपक्रम यशस्वी’ असं लिहिलं. बायकोला, पूनमला, मरियमचं सांगितलं होतं; तिने वाकून वाचलं. विचारलं, मंग त्या पोरीचं काय?

‘यशस्वी’ खोडलं. त्या जागी ‘मरियम, इयत्ता तिसरी’ एवढंच लिहिलं. दुसरं काही सुचलं नाही.