अप्पांच्या जालऱ्याचा ठोका

प्रिय अप्पा,

तुम्हाला जाऊन वर्ष होतंय, म्हणून शनिवारी घरी भजन ठेवलंय. आपल्या मंडळीत पुढे बसून गाणाऱ्या रामूमामांनी काल फोनवर सांगितलं, "जालरा तूच धर, पद्मा." तेव्हापासून तुमचे ते दोन पितळी टाळ मांडीवर घेऊन बसले आहे. वाजवायचा धीर होत नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहिते आहे.

सगळी मंडळी तुमच्या ठोक्यावर चालायची. लहानपणी मी तुमच्या गुडघ्याला टेकून झोपायचे, आणि झोपेतही तो ठोका चालूच असायचा.

मग तांबरम स्टेशनच्या जिन्यावर तुम्ही पडलात. जखम महिन्यात भरली. डॉक्टर म्हणाले, डोक्याला असा मार लागला की काहींना किती वेळ गेला ते कळत नाही, कधी क्षणाचा तास वाटतो, कधी तासाचा क्षण, हातही नेमक्या क्षणी पडत नाही. मी मान डोलावली, पण मला कळलं काहीच नव्हतं.

कळलं ते कॉफीमुळे. फिल्टरमध्ये पाणी ओतलं की कॉफी खाली उतरायला अर्धा तास लागतो, पण तुम्ही लगेच खालचं भांडं काढायचात. "अर्धा तास झाला की." ती पांचट कॉफी पिऊन मी चिडायचे. तुमच्या त्या अर्ध्या तासात काय काय होत असे, अप्पा? मी कधी विचारलंच नाही.

आणि तो भजनाचा शनिवार. तुमचा ठोका मागे पडू लागला. मृदंगवाला वळून पाहायला लागला, मागे बायका कुजबुजल्या. तुम्ही मात्र हळूच, नेहमीच्या लाडक्या हाकेनं मला विचारलंत, "हे सगळे पळतात का गं, कण्णा?"

मला लाज वाटली. भर भजनात मी तुमच्या हातातून जालरा काढून घेतला.

तुमचे रिकामे हात तसेच हलत राहिले, आवाज न करता. निघताना रामूमामा मला म्हणाले, "काढून कशाला घेतलास? आम्ही सावकाश गायलो असतो की." एवढं साधं मला का सुचलं नाही? पुढच्या शनिवारी मी जालरा तुमच्यापुढे धरला, तर तुम्ही म्हणालात, "नको कण्णा, तूच ठेव." त्यानंतर तुम्ही भजनाला आलाच नाहीत.

कोवलमच्या समुद्रकाठची ती दुपार आठवते? वर ओढलेल्या होडीला टेकून आपण बसलो होतो. माझं मनगट धरून तुम्ही बोटानं ठोका देत होता. एक ठोका, मग बराच वेळ नुसतं पाणी, मग दुसरा. आधी मी मोजत होते. मग मोजायचं राहूनच गेलं, आणि लहानपणासारखी झोप डोळ्यांवर आली. "आता बरोबर आहे," तुम्ही म्हणालात. किती वेळ झाला विचारलं, तर म्हणालात, "पाच मिनिटं." आपल्या सावल्या तेव्हा लाटांपर्यंत पोचल्या होत्या, तरी मला ते खरंच वाटलं.

शनिवारचं पहिलं भजन मी त्याच ठोक्यावर धरणार आहे. रामूमामांना सांगून ठेवलंय, मृदंगवाल्यालाही. कुणी वळून पाहिलं तरी मी हात घाईनं टाकणार नाही. तुमचा ठोका पडेपर्यंत सगळे थांबतील, अप्पा.

तुमच्या गुडघ्याशी झोपणारी,
पद्मा