कुंकवाचं बोट

बदलापूर गाव,
शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. विनिता,

आशीर्वाद घे. नको असेल तर कागदावरच राहू दे, तो काही नासत नाही. माझा फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहिते. चौथीतलं अक्षर आहे, सावकाश लाव. चिठ्ठी तुझ्या लेकीच्या, रिद्धीच्या, पिशवीत घालतेय, ती कॅम्प दोनला तुझ्या भावाच्या घरी परत आली की देईल. त्याचा खोकला गेला का? सोबत अडुळसा आहे, मध घालून दे.

इथे बरं आहे. तुझा नवरा चंदू बरा, म्हणजे जेवतो. मी मात्र फार खूश आहे. परवा दसऱ्याला आपल्या सेक्रेटरीचं, कमलेशचं, जे काही झालं ना.

त्याने खाली लॉबीत बोटाने चालणारा मोठा टीव्ही लावलाय. त्याला डॅशबोर्ड म्हणायचं. तिन्ही विंगांच्या पाइपांना मीटर आहेत, त्यांचं पाणी त्यात दिसतं. दिसतं काय, एक हिरवं चाक फिरतं आणि खाली लिहिलेलं, आजचं पाणी पुरेसं. आमच्या सी विंगेत नळ नुसता खाकरतोय आणि हा पाहुण्यांना चाक दाखवतोय, 'डिजिटल सोसायटी'. बैलाला गॉगल घातला म्हणून तो हवालदार होतो का? वर कागद चिकटवलेला, 'स्क्रीनला हात लावू नये'.

रिद्धी ऑफिसात हेच काम करते, म्हणून अध्यक्ष शंकररावांनी तिला बघायला सांगितलं. ती बघून म्हणाली, "आजी, याला काही विचारताच येत नाही. हे नुसतं आपलं बोलतंय." कमलेशची नक्कल वाटली मला. मग तिने दोन दिवस बसून असं केलं की विंगेवर बोट ठेवलं की त्या विंगेचं पाणी उघडतं, तारीख फिरवली की मागचंही. मीटरांनी सगळं जपून ठेवलं होतं, विचारलं नव्हतं कोणी.

कमलेश हसला. "बेटा, म्हाताऱ्यांना बटणं दिलीस तर लिफ्टसारखी सगळी दाबून ठेवतील."

"दाबू देत की काका. बिघडत नाही."

"कमिटीपुरतं ठेव."

शंकरराव म्हणाले, सगळ्यांसाठी.

दसऱ्याला पंपाची, लिफ्टची पूजा झाली, झेंडू लागले. टीव्हीची पूजा अर्थातच कमलेशच्या हातून. रेशमी कुर्ता, पोट पुढे, वॉल्व्हच्या चाव्या कमरेला, जणू दागिना. रिद्धी म्हणाली, "काका, कुंकू काचेला नको, कडेला लावा." तो म्हणाला, "पूजा आम्हाला शिकवू नकोस." आणि ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं ते नेमकं 'ए विंग'वर. त्याच्याच.

उघडलं. ए विंग, रोज दोन तास दहा मिनिटं.

गडी गडबडला. अंगठ्याने पुसायला गेला, तर सी विंग उघडली. रोज बारा मिनिटं. तळहाताने पुसलं, मागचा महिना उघडला, त्याच्या मागचा. जेवढं पुसावं तेवढं उघडतंय, सगळ्या काचेला कुंकू, आणि पाणी कोण बंद करतं ते विचारायची गरजच नाही, चाव्या तिथेच वाजत होत्या. बी विंगेच्या जयदेवने आपट्याचं पान त्याच्या हातावर ठेवलं. "सेक्रेटरी, सोनं तुम्हीच ठेवा. आम्हाला पाणी द्या." मी एवढी हसले की कवळी धरावी लागली.

इथवर मी लोकांना पण सांगते. पुढचं तुलाच.

सगळे गेल्यावर रिद्धीने काच पुसली आणि विचारलं, "आजी, तुला काय बघायचंय?" मी तारखेवर बोट ठेवलं. भाकऱ्या थापून माझी बोटं कोरडीठाक, काच ऐकेना. तिने हात धरायला पुढे केला, मी नको म्हटलं. बोट पाण्यात बुडवून पुसलं आणि फिरवत गेले. मागच्या वर्षीचा मे. एकोणीस, रविवार.

आदल्या दिवशी कमलेश जिन्यात म्हणाला होता, "आजी, सी विंगेचं पाणी तुमची सून धुण्यात संपवते." आणि मी रविवारी भर सभेत उभी राहून तुला म्हणाले, हिच्या हाताला पाणी पुरत नाही, माहेरी काय नदी होती? संध्याकाळी तू रिद्धीला घेऊन भावाकडे गेलीस.

त्या दिवशी सी विंगेला सात मिनिटं पाणी होतं, विनिता. सात मिनिटांत कोण काय धुणार?

कमलेशला मी चार पानं शिव्या देईन, दम लागणार नाही. पण तो जिन्यात हळू बोलला होता. सभेत ओरडले ती मी. चंदू मान खाली घालून बसला, तोही माझाच.

चाव्या आता शंकररावांकडे आहेत. सी विंगेला सकाळी साडेसहा ते साडेसात पाणी येतं. येत्या रविवारी नाही, पुढच्या, बारा तारखेला अकरा वाजता सभा आहे, त्याच लॉबीत. मी उभी राहणार आहे. ती तारीख सगळ्यांसमोर मीच काढणार आणि मग बोलणार. तू आलीस तरी बोलणार, नाही आलीस तरी. आलीस तर पुढे बस. तेव्हा तू मागच्या रांगेत होतीस, सगळ्यांना वळून बघता आलं.

खाली 'तुझी सासू' लिहिलं होतं, खोडलं. ते तू ठरव.

वेणू