खालच्या पट्टीचं बोलणं

बाबा, आपल्या नदीसाठी काल अकोल्यात जनसुनावणी झाली. नदीकाठच्याच सभागृहात, पण खिडक्या घट्ट लावून, कारण वास येत होता. मंचावर 'शाश्वत नदीकाठ' असा फ्लेक्स, आणि प्रत्येक खुर्चीवर प्लास्टिकची बाटली. पडद्यावरची नदी निळी होती, काठाला फरशी, फरशीवर विलायती कुत्रं फिरवणारं जोडपं. तुम्ही ती ओळखली नसती. मी पहिल्या रांगेत होतो. पाइप-मोटारींचं दुकान बरं चालतं, म्हणून आता मला प्रतिष्ठित नागरिक म्हणून बोलावतात. कान मात्र तुमचेच आहेत. मंचावरचा सल्लागार शेजारच्या साहेबांना हळूच म्हणाला, "लवकर आटपू. अहवाल तयारच आहे, फक्त आजचे फोटो लावायचे." नदीच्या वासाची सवय आहे मला, ह्या वासाची नाही.

आराखडा साधाच आहे. शहराच्या बाजूला उंच भिंत, तिच्यावर फिरायला रस्ता. समोरचा काठ सखल. तिथं आपल्या जुन्या शेजारीण काकूंचं घर आणि मेथी-पालकाची वाडी. पूर आला की भिंतीनं अडवलेलं पाणी सगळं त्यांच्या दारात. ह्याबद्दल चकार शब्द नाही.

तुमची ती वाळूवरची बैठक आठवली. हिवाळ्यात पाणी ओसरलं की वाळूत टरबूज-डांगरांच्या वाड्या लावणारे सगळे पात्रातच गोल बसायचे. कोणी कुठली पट्टी घ्यायची, पाट कुठून काढायचा, ते तिथं ठरायचं. पहिला बोलायचा तो सगळ्यात खालच्या पट्टीचा माणूस, कारण पाणी त्याच्याकडं शेवटी पोचायचं. मी तेव्हा अकोटच्या कापसाच्या जिनात नुकताच लागलो होतो, खिशात पगार आणि तोंडात अक्कल. मधेच वाटणी सांगायला लागलो. तुम्ही विळा वाळूत रोवता आणि माझ्याकडं न बघताच म्हणता, "तू काहून बोलून राहिला बे? खालच्याचं होऊ दे." खालचा म्हणजे काकूंचा नवरा. तो अडखळत बोलतो, एकेक शब्द ओढून काढतो, लोकांच्या बिड्या विझतात, ऊन डोक्यावर येतं. कोणी उठत नाही.

काल काकू शेवटच्या रांगेतून उभ्या राहिल्या. "मले बोलाचं हाय."

साहेब म्हणाले, "आजी, तुमचं लेखी द्या."

"लेखी कायले? मी जित्ती हावो ना अजून, तोंडानं सांगतो!"

माइक त्यांच्यापर्यंत गेलाच नाही. माझ्यापुढं आला. "शेठ, दोन शब्द बोला."

बाबा, मी खरोखर चिडलो होतो. सभेत बोलायची शिकून घेतलेली भाषा गळून पडली. म्हणालो, "मले काय इचारता? ज्याच्या घरात पानी घुसन, त्याले इचारा ना! त्याले मांगं बसवून तुमी कोनाची सुनावनी करून राहिले?"

सभागृह खदखदून हसलं. मी लग्नात, सत्कारात वऱ्हाडीतून किस्से सांगणारा माणूस. त्यांना वाटलं हाही किस्साच. सल्लागारानं टाळ्या वाजवल्या. साहेब डोळे पुसत म्हणाले, "वा शेठ, शेवट गोड केला! चला, चहा घेऊ." आणि सुनावणी संपली. फोटोसाठी मला मधोमध उभं केलं. आज तो पेपरात आहे, खाली लिहिलंय, खेळीमेळीच्या वातावरणात. पेपर मी उलटा करून ठेवला.

काकू दाराशी थांबल्या होत्या. "तुहा बाप असता तं त्यानं कोनाले उठू देल्लं नसतं," एवढंच म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या.

हे पत्र कुठं टाकू? तुमची राख सोडली त्या डोहात जलपर्णी इतकी माजलीय की कागद पाण्याला लागायचाही नाही. राहू दे माझ्याजवळच. काकू एक गोष्ट बोलल्या नाहीत, म्हणून मीच सांगतो. ते सगळे हसले ना, तेव्हा सवयीनं मीही हसलो.