अंबडचा रेसर सर

रविवार, २ नोव्हेंबर. संध्याकाळ.
आज गो-कार्ट चालवली. आयुष्यात पहिल्यांदा. शाळेतला गणिताचा कल्याण मला जालन्याला, हायवेलगतच्या नव्या ट्रॅकवर घेऊन गेल्ता. गाडी म्हणजे चार चाकं, एक इंजिन आणि एक खुर्ची. बूड डांबरापासून चार बोटं वर. गिअर न्हाई, आरसा न्हाई. उजव्या पायाखाली रेस, डाव्याखाली ब्रेक. चाळीसचा स्पीड शंभरासारखा वाटतो. उतरल्यावर हात थरथरत होते. कल्याण म्हणाला, भीतीनं. भीती नव्हती, टॅलेंट आहे. आतून जागं होऊन राह्यलंय.
पाच जणांत पाचवा आलो. पण बाकीचे चौघं आधी येऊन गेल्ते. म्हणजे नव्यांमधे पहिलाच.

सोमवार, ३ नोव्हेंबर.
हॉबी ठरली. बायकोला, ज्योत्स्नाला, समजावून सांगितलं. रेसिंग म्हणलं की लोक खर्चाला घाबरतात, पण इथं गाडी ट्रॅकवाल्यांची, पेट्रोल त्यांचं, टायर त्यांचे, हेल्मेटसुद्धा त्यांचं. आपण फक्त बसायचं. एका खेपेचा खर्चा म्हणजे घरातल्या चौघांचा हॉटेलातला नाश्ता. ती म्हणाली, स्कूटीचा ब्रेक दिवाळीपासून लागत न्हाई, आधी तेवढा करून आणा. हे दोन विषय वेगळे आहेत, हे तिला पटलं न्हाई.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.
स्टाफरूममधे क्लार्क बद्रीनाथनं विचारलं, सर, कितवा नंबर? तोंडातून 'दुसरा' निघून गेलं. आमची बॅच दुसरी होती, त्यामुळं बिलकुल खोटं म्हणता येणार न्हाई. कल्याण कपातल्या चहाकडं बघत बसला. दुपारी नववी ब मधून 'रेसर सर' ऐकू आलं. दुरुस्त केलं न्हाई. मुलांपुढं आदर्श लागतो.

रविवार, ९ नोव्हेंबर.
घरी प्रॅक्टिस. पाटावर बसून, पाय लांब करून, हातात परात. व्हिडिओत सांगतात की वळणावर बाहेरून यायचं, मधे आत घुसायचं, परत बाहेर निघायचं. तोंडानं इंजिनचा आवाज काढल्याशिवाय टायमिंग बराबर बसत न्हाई. तेवढ्यात आमची पोरगी अक्षता मैत्रिणीला घेऊन आली. दार उघडलं. परत लावलं. अकरावीतल्या पोरी फार जल्दी मत बनवतात.

बुधवार, १२ नोव्हेंबर.
अप्पांचे डोळे तपासायचेत. शनिवारी, जालन्याला. ज्योत्स्नाला ड्यूटी. मी स्वतःहून म्हणालो, मी नेतो माझ्या वडलांना. ती म्हणाली, तुमच्यात बदल झालाय. अप्पा खूश. अंकुशनगरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून बाहेर निघणं कमी झालंय. आतापासूनच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय.
दवाखान्यापासून ट्रॅक रिक्षानं जवळच आहे. पण त्याचा याच्याशी संबंध न्हाई.

शनिवार, १५ नोव्हेंबर.
आज लिहीत न्हाई. थकलोय.

रविवार, १६ नोव्हेंबर.
लिहितो.
सिस्टरनं अप्पांच्या डोळ्यांत थेंब टाकले. म्हणाली, बाहुली मोठी व्हायला वेळ लागंल, अंधुक दिसंल, बाबांना एकटं सोडू नका. मी हो म्हणालो. मंग अप्पांना म्हणालो, झेरॉक्स काढून येतो, बसा. त्यांचा मोबाइल माझ्याच खिशात होता, सांभाळायला.
एकच खेप करणार होतो. पण पहिल्या खेपेत हात बसायलाच वेळ गेला, म्हणून दुसरी. दुसऱ्या खेपेत कोपऱ्यावर रचलेल्या टायरांत घुसलो. ट्रॅकवरच्या कचरूनं गाडीसकट ओढून काढलं. दोन्ही मोबाइल लॉकरमधे.
परत आलो तर बाकडं रिकामं. सिस्टर म्हणाली, नाव पुकारलं, कुणी उठलं न्हाई.
अप्पा मला शोधायला निघाल्ते. त्या डोळ्यांनी. प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात विचारत, माझा राजानंद आलाय का, मास्तर आहे, चष्मा लावतो. शेवटच्या दुकानात सापडले. दुकानवाल्या उषाबाईंनी स्टुलावर बसवून पाणी दिल्तं. पायरी दिसली न्हाई म्हणून पडले होते. गुडघा फुटलेला, इस्त्रीच्या शर्टाला माती.
माझा आवाज ऐकून म्हणाले, लाइन लई होती का रे?
मी हो म्हणालो.
उषाबाई माझ्या कपाळाकडं बघत होत्या. हेल्मेटचा लाल वळ होता तिथं. त्या काही बोलल्या न्हाईत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.
घरी ज्योत्स्ना चिडली, तर अप्पाच माझ्या बाजूनं बोलले. म्हणाले, त्याचा दोष न्हाई, गर्दी होती.
काल रात्री जेवण गेलं न्हाई.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.
कार्टिंग बंद. अप्पांना खरं सांगणार. आज न्हाई, त्यांचा बीपी वाढलाय. गुडघा सुकला की सांगतो.

गुरुवार, २० नोव्हेंबर.
गुडघा सुकला. अप्पा झोपले होते.
रविवारी सगळा स्टाफ सहकुटुंब ट्रॅकवर चाललाय. बद्रीनाथनं ठरवलं, सरांची रेस बघायची म्हणून. न्हाई कसं म्हणणार? रविवार झाला की सांगतो. नक्की.

रविवार, २३ नोव्हेंबर.
अप्पापण आले. जाळीजवळ खुर्ची टाकून बसले, शेजारी ज्योत्स्ना आणि अक्षता. हिरव्या हेल्मेटवाला आपला, असं अक्षता त्यांना दाखवत होती.
बद्रीनाथ पोट सावरत बसला आणि मला मागं टाकून गेला. थोड्या वेळानं परत आला आणि परत मागं टाकून गेला. त्याला गाठायला मी कोपऱ्यावर आतून घुसलो आणि टायरांत अडकलो. जाळीच्या अगदी समोर.
कचरू पळत आला. मला ओढता ओढता म्हणाला, सर, मागच्या शनवारी बी तुम्ही हितंच घुसल्ते, आता तरी ब्रेक मारत जा. मनानं चांगला माणूस. आवाज मोठा.
ज्योत्स्नानं विचारलं, कोणत्या शनिवारी? त्यानं सांगितलं.
मी हेल्मेट काढलं न्हाई. येताना बसमधे अप्पा खिडकीबाहेर बघत होते. त्यांना बाहेरचं किती दिसतं, माहीत न्हाई.

सोमवार, २४ नोव्हेंबर.
शाळेतून आल्यावर अप्पांजवळ बसलो. बरंच पाठ करून गेल्तो. ट्रॅक किती जवळ होता, सिस्टर वेळ लागंल म्हणाली होती, वगैरे. त्यातलं काहीच निघालं न्हाई. चुकलो, एवढंच म्हणालो.
अप्पा गुडघ्यावरची खपली चाचपत राह्यले. मंग म्हणाले, सांगितलं असतंस तर मी बसलो असतो. खेळायला जाताना घरच्याला सांगून जावं.
मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे.
राह्यलेली तपासणी येत्या शनिवारी. अक्षता नेणार आहे. मला शनिवारी सुट्टी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. कुणी विचारलं न्हाई.