जावयाच्या कुडत्याची पक्की पावती

॥ महादेवाची कृपा असो ॥
धोंड्याचा महिना, सोमवार

चिरंजीव नागप्पास, थोरल्या अक्काचे शरणार्थ आणि आशीर्वाद. इकडं आमी सगळे जिवंत आहोत, तिकडं तू पण असशील असं धरून लिहिते. तुझी साखर कुठवर आली ते कळव. (खाली आली म्हणून कळवू नको. दिवाळीला माझ्या देखत तू पेढ्यांचा पुडा संपवलास आणि वर गोळी खाल्लीस, जणू गोळी म्हणजे म्हसोबाला नारळ.) तुझ्या बायकोचे गुडघे, तुझ्या छताची गळती आणि तुझ्या धाकट्याचं लग्न, तिन्ही जिथं होतं तिथंच असणार, म्हणून विचारीत न्हाय. फोन का केला न्हाय म्हणशील, तर आमच्या घरात फोनवरचं सगळं सुनेला ऐकू जातं, आणि तुझी बायको फोनचा आवाज असा मोठा ठेवती की लातूरच्या निम्म्या गल्लीला कळावं. चौथीपर्यंत शिकले होते, तेवढी शाळा आज खर्च करते.

कारण असं की आपल्या घराची लाज गेली, आणि ती सरकारनं घालवली. न्हाय, सरकारनं न्हाय. म्याच कात्रीनं कापून ताटात ठेवली. सांगते.

शुभांगी माझी नात. तिला तू मध्ये पडून येरमाळ्याला दिलीस. लग्नानंतरचा हा तिचा पहिलाच धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, वर दिवा आणि कापडं द्यायची. यात चूक झाली तर पुढं तीन वर्षं बोलणी खावी लागत्यात, कारण हा महिना परत तीन वर्षांनीच येतो. आता तुला म्हाईत आहे की आपल्याकडं आहेराचं कापड कळंबच्या शिवलिंगप्पाच्या दुकानातनं घ्यायची रीत आहे. का? कापड काय जगात दुसरीकडं मिळत न्हाय? मिळतं. पण शिवलिंगप्पाला नुसतं "आहेराचं आहे" एवढं म्हणलं की तो समजतो. बाराशेच्या साडीला चोवीसशेची चिठ्ठी लावून देतो, कच्च्या कागदावर हिसाब करतो, आणि टॅक्सचं नाव पण काढीत न्हाय. घेणारा खूश, देणारा खूश, चिठ्ठी खोटी असल्याचं दोघांना म्हाईत, आणि तरी कुणी कुणाला विचारीत न्हाय. ह्याला म्हणतात नातं.

पण शुभांगीची सासू, त्या तुळजाबाई, फोनवर म्हणल्या, आमचा गौरीशंकर हल्ली मोबाईलवरचेच कपडे घालतो, दुकानातले घातले की बँडवाल्यासारखा दिसतो. (तो कशातही तसाच दिसतो, पण जावयाला कोण म्हणणार?) मग आमच्या सुनेनं, शिवप्रियानं, मोबाईलवर एक कुडता आणि वरचं जाकीट शोधलं. म्या तिला म्हणलं, बाई, त्या कंपनीला कळव की आहेराचं आहे, चिठ्ठी वाढवून लावा. ती हसली आणि मला मोबाईलवरची किंमत दाखवली. तर नागप्पा, कंपनीनं आपणहूनच चार हजार नऊशे नव्व्याण्णव लिहून त्याच्यावर रेघ मारली होती आणि खाली दोन हजार तीनशे नव्व्याण्णव! म्या हात जोडले. म्हणलं, ही माणसं शिवलिंगप्पाच्याच हाताखाली शिकलेली दिसत्यात. त्याच दिवशी तुळजाबाईंना कळवून टाकलं, पाच हजाराचा कुडता येतोय म्हणून. जीभ माझी. कुणाला दोष देऊ?

पुढं पार्सल घेऊन माणूस आला. म्या त्याला बसवलं, चहा दिला, आणि रीतीपरमाणं विचारलं की कच्ची पावती देतोस का पक्की? कच्ची असंल तर टॅक्स किती सोडतोस ते बोल. तो म्हणला, आजी, मी नुसता पोचवणारा, यात माझं काही न्हाय. म्या म्हणलं, मग ज्याचं आहे त्याला फोन लाव. तो म्हणला, त्याचं कोण आहे ते मला पण ठाऊक न्हाय. असा धंदा असतो व्हय? ज्याच्याशी भांडावं असा मालकच न्हाय! भुईमुगाच्या शेंगा देते म्हणलं, टॅक्स कापून घे. शेंगा त्यानं खाल्ल्या. पैसे पुरे घेतले. वर शिवप्रियानं मला शिकवलं की आत्याबाई, टॅक्स तुमी आजच भरताय असं न्हाय, तो साबणात आहे, बिस्किटात आहे, तुमच्या त्या गुडघ्याच्या मलमात पण आहे. मला दोन दिवस बिस्कीट गिळंना. म्हणजे इतकी वर्षं मी सरकारला पैसे देत होते आणि मलाच कुणी सांगितलं न्हाय! नवऱ्यानं परस्पर उधारी करावी तसलं हे. मग विचार केला की दिलाच आहे, तर निदान दिसू तरी दे. चुलत्या-मावळ्यांत आजवर कुणी जावयाला टॅक्स भरून आहेर केलाय? लोक कच्च्यावर आणत्यात. आमी पक्क्यावर आणला.

तर म्या काय केलं, त्या पावतीवर जिथं जिथं किंमत होती तेवढी कात्रीनं कापून काढली आणि चुलीत घातली. टॅक्सची ओळ तेवढी ठेवली: पाच टक्के, एकशे चौदा रुपये चोवीस पैसे. ती भाताच्या शितानं कुडत्याला लागून आलेल्या चार हजार नऊशे नव्व्याण्णवच्या चिठ्ठीखाली चिकटवली. ताटात कुडता, त्याची चिठ्ठी वर दिसंल अशी, बाजूला दिवा आणि विड्याची पानं. म्हणलं, बघू दे तुळजाबाईंना, हे घर सरकारला पण धरून चालतं. (त्या वक्ताला शिवप्रिया धोंडे तळत होती. ती बघती तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. एरवी तिला नको तिथं नाक असतं, नेमकं त्याच दिवशी न्हवतं.)

आता हा गौरीशंकर काय काम करतो ते तुला म्हाईत होतं का? स्थळ आणताना तू नुसतं "हापिसात असतो" म्हणलास. कसल्या हापिसात ते विचारलं असतं तर तुझं तोंड दुखलं असतं? तो धाराशिवला टॅक्सवाल्या वकिलाकडं बसतो, दिवसभर लोकांच्या पावत्या वाचतो. पोरगा गरीब आहे, वाईट न्हाय, पण आकडा दिसला की मांजराला उंदीर दिसल्यागत होतो. पंगत बसलेली. त्यानं दोन धोंडे खाल्ले, तिसरा तुपात बुडवला, आहेराच्या ताटातली चिठ्ठी बघितली, आणि तोंडात घास असतानाच म्हणला, "आजी, हा पाच टक्क्यातला आहे."

म्या म्हणलं, व्हय, पुरे भरलेत, एक पैसा सोडला न्हाय.

तुळजाबाई म्हणल्या, "पाच टक्क्यातला म्हणजे काय रे?"

"म्हणजे अडीच हजाराच्या आतला गं आई. पाच हजाराचा असता तर अठरा टक्के लागले असते." एवढ्यावर थांबावं ना? न्हाय. बोटं तुपाची, तशीच हवेत नाचवीत म्हणला, "एकशे चौदा रुपये चोवीस पैशाला विसानं गुणा. बावीसशे पंच्याऐंशी. चांगला स्वस्तात मिळाला की आजी तुम्हाला!"

त्याला वाटलं, त्यानं माझं कौतुक केलं. तेरखेड्याच्या फटाक्यांतला मोठा बॉम्ब लावावा, सगळ्यांनी कानात बोटं घालावीत, आणि वात मध्येच विझावी, तसं झालं. तुझे दाजी तेवढे म्हणले, "वाढा, वाढा." माणसाला लग्नापासनं एवढा एकच शब्द येतो. तुळजाबाई इतकं गोड हसल्या की म्या त्यांच्या ताटात न मागता आणखी तूप ओतलं. म्हणल्या, "राहू द्या हो, कापड अंगाला लागल्याशी मतलब." जी बाई भांडती तिचं भ्या न्हाय नागप्पा. ही भांडली न्हाय.

तिसऱ्या दिवशी फोन आला. शुभांगीला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुझ्या माझ्या आजीपासनं चालत आली. तर तुळजाबाई म्हणत्यात, "बाळंतपण इथंच करू म्हणतो. तुमाला उगं खर्च नको. त्याच्यावर पण टॅक्स बसायचा."

ऐकलंस? ही बाई आयुष्यभर येरमाळ्यात राहिली, आणि असं बोलणं तिला जागच्या जागी सुचतं. मला राग आला त्याहून जास्त जळफळाट झाला, की हे वाक्य माझं असायला पाहिजे होतं.

शुभांगीनं संध्याकाळी चोरून फोन केला. रडली न्हाय, ती माझ्यावर गेलीय. नुसतं विचारलं, "आज्जी, डिंकाचे लाडू केलेस का?" म्या म्हणलं, केलेत. (केलेले न्हाईत. डिंक आणलाय, डब्यात आहे. पोर येणारच न्हाय तर लाडू कुणाच्या नरड्यात घालू, तुझ्या दाजींच्या?) शिवप्रिया, तिची आई, सकाळपासनं बाळंतिणीसाठी काढलेली खोली तीनदा झाडून काढती आणि माझ्याशी बोलत न्हाय. बरोबर आहे तिचं. मी पण माझ्याशी बोलले नसते.

मग मी कळंबला शिवलिंगप्पाकडं गेले. म्हणलं, याला सोडून मोबाईलकडं गेले त्याचं हे फळ, त्याच्याच दारात नाक घासावं. बरोबर तुळजाबाईंनी मला शुभांगीच्या लग्नात नेसवलेली साडी नेली, बारा हजाराची, त्याच्याच दुकानातली. विचार असा की तेवढ्याच तोलाची एक त्यांना नेऊन द्यावी आणि पोर सोडवून आणावी. शिवलिंगप्पानं साडी बघितली, चिठ्ठी उलटी केली, आणि फस्सकन हसला. मग जीभ चावली. म्या त्याला सोडला न्हाय. तेव्हा कळलं की ज्या चिठ्ठीवर तो आकडा वाढवतो, त्या आकड्यापुढं तो एक बारकं टिंब देतो. उद्या कुणी साडी बदलायला आणली तर आपल्याच खोट्याला आपण फसू नये, म्हणून. त्या बारा हजाराच्या पुढं टिंब होतं. म्या म्हणलं, खरी किती? तो म्हणला, "इरम्माबाई, ते मरेस्तोवर विचारू नका. धंद्याला इमान असतं." खोटी चिठ्ठी लावणारा माणूस मला इमान सांगतो, आणि मला ते पटलं पण! एवढी माझी गत झालीय.

आता हे टिंब घेऊन मी काय करू? बोलले तर तुळजाबाई उघड्या पडतील, पण पोर तिच्या घरात आहे, दगडाखाली हात माझा आहे. न बोलले तर हे टिंब रात्रंदिवस माझ्या डोळ्यांपुढं नाचतंय. सरकारला काय, एकशे चौदा रुपये घेऊन मोकळं झालं. तेवढ्यात त्यानं माझी इज्जत, नातीचं माहेरपण आणि डिंकाचे लाडू, तिन्ही घेतलं. यावर काही उपाय दिसत न्हाय. तुझ्याकडनं काही पाहिजे म्हणून लिहिलं न्हाय. सख्खा भाऊ आहेस, कळावं म्हणून कळवलं. तब्येतीला जप. पेढे खाऊ नको.

तुझी अक्का,
इरम्मा

ता. क. स्थळ तू जमवलंस, म्हणून येरमाळ्याला तुझा शब्द चालतो. पुढच्या सोमवारच्या आत जा आणि शुभांगीला घेऊन ये. मी पाठवलं असं सांगू नको, तुलाच वाटलं असं सांग. एस.टी.नं आणू नको, सातवा आहे, गाडी करून आण.

ता. क. आणखी. तुळजाबाईंच्या साडीची चिठ्ठी पाकिटात घातलीय. ती दाखवायची न्हाय, नुसती खिशात ठेव, म्हणजे तुला धीर येईल. चहा झाला की एवढंच म्हण, "शिवलिंगप्पानं तुमची लई आठवण काढली हो." पुढं गप बस. ती समजदार बाई आहे. समजती.

ता. क. शेवटचं. हे लिहून झाल्यावर ट्रंक उघडली. पंचमीला दरसाल तू लातूरहून येताना कळंबला उतरून माझ्यासाठी साडी घेतोस, त्या सगळ्या साड्यांच्या चिठ्ठ्या म्या जपून ठेवल्यात. चष्मा लावून बघितल्या. एकीला टिंब न्हाय असं न्हाय, नागप्पा. म्या काही बोलले का? न्हाय बोलले. म्हणून गाडी एसीची कर. गाडीवाल्याशी घासाघीस करू नको, पोटुशी पोर ऐकत असती. तो म्हणंल ते दे, वर टॅक्स पण दे, आणि पावती मात्र मला दाखवू नको. तुला नेमके किती पडले ते मला कळायला नको, म्हणजे चारचौघांत मला दुप्पट सांगता येईल. लाडू आज वळायला घेते.